साठ वैमानिकांची युनियन: काढावी का, आणि काढायची तर कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सोलापूरचे, वय सत्तावीस, एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआरवर, म्हणजे पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर, फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. कंपनीत कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर मिळून साठेक वैमानिक. दिवसाला चार-पाच सेक्टर (एक उड्डाण म्हणजे एक सेक्टर), रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, आदल्या रात्री बदलतो, तीन वर्षांचा बाँड (आधी सोडलं तर पैसे भरायचा करार), अजून दीड वर्ष बाकी. काही सहकारी युनियन काढायचं म्हणतायत. वडील गिरणीत होते, ते म्हणतात, "युनियननंच सोलापूरच्या गिरण्या खाल्ल्या, तू त्या भानगडीत पडू नकोस." तर युनियन काढावी का, आणि यांनी पुढाकार घ्यावा का?

मी सोलापुरात कामगार न्यायालयात आणि औद्योगिक न्यायालयात तीस वर्षं कामगारांच्या बाजूनं वकिली केली आहे. विडी, यंत्रमाग, साखर कारखाना, सहकारी बँका असे माझे पक्षकार. गेल्या काही वर्षांत वैमानिकही आले, कारण आपल्याकडची मुलं आता वैमानिक होतायत आणि अडचण आली की गावातल्या ओळखीच्या वकिलाकडे येतात. त्यामुळे विमानाच्या तांत्रिक बाजूत माझ्याकडून काही राहिलं तर जाणकारांनी भर घालावी. कामगाराच्या बाजूचं मात्र मी खात्रीनं लिहिते आहे.

माझं उत्तर हो असं आहे, काढा. पण पगारवाढ हा पहिला मुद्दा असेल तर थोडं थांबा. रोस्टर, थकवा आणि बाँड हे मुद्दे असतील तर थांबण्याचं काही कारण मला दिसत नाही. असं का, ते सांगते.

माझ्या वकिलीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक विडी कामगार बाई पदराच्या गाठीत छाट बांधून माझ्याकडे आली. छाट म्हणजे तपासनीसानं नाकारलेल्या विड्या. तिनं गाठ सोडून त्या माझ्या टेबलावर ओतल्या. पान नीट कापलेलं, दोरा घट्ट, तोंडं बंद. मला तरी त्यात खोट दिसेना. हजारामागे मूठ-दीड मूठ विड्या अशा बाजूला निघायच्या आणि तेवढ्याची मजुरी बुडायची. ती एकदा बोलली. पुढच्या आठवड्यात तिला विड्या वळायला पान कमी मिळालं. कुणी तिला कामावरून काढलं नाही, कुणी शिवी दिली नाही, फक्त पान कमी. नंतरच्या महिन्यात त्याच गल्लीतल्या बारा जणी एकत्र गेल्या, आपापली छाट एकाच फडक्यावर ओतली आणि म्हणाल्या, आमच्यासमोर मोजा आणि कशात काय खोट आहे ते दाखवा. काम कुणी बंद केलं नाही, घोषणाही दिली नाही. छाट निम्म्यावर आली. एकीला पान कमी देता येतं, बारा जणींना दिलं तर कारखान्याचाच माल कमी पडतो.

आता तुमच्यासारखाच एक मुलगा, तीनेक वर्षांपूर्वीचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यानं मोबाइलवर मला त्याचा रोस्टर दाखवला. सलग चार दिवस पहाटे पाच वीसला रिपोर्टिंग, रोज पाच लँडिंग, आणि मुक्कामाचं हॉटेल विमानतळापासून तासभर लांब. चौथ्या दिवशी शेवटच्या सेक्टरला विमान याच्या हातात होतं. उतरताना यानं फ्लॅप्सचा, म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा बाहेर काढायचा, कॉल दिला, कॅप्टननं ऐकला नाही. पुन्हा दिला, पुन्हा नाही. "मॅडम, ते जागे होते, डोळे उघडे होते," तो मला म्हणाला, "पण आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता." तिसऱ्या कॉलला फ्लॅप्स आले, विमान नीट उतरलं, प्रवाशांपैकी कुणाला काही कळलं नाही. यानं थकव्याचा रिपोर्ट भरला. आठवड्यानं मुख्य कार्यालयात बोलावणं आलं. तिथं त्याला चहा दिला आणि अगदी मायेनं विचारलं, "तुला तब्येतीचा काही त्रास आहे का? मेडिकल पुन्हा करून घेऊ या का?"

वैमानिक नसलेल्या वाचकांसाठी सांगते. मेडिकल गेलं की परवाना गेला, आणि परवान्यासाठी आईबापानं घर गहाण टाकलेलं असतं. त्या एका मायेच्या वाक्यानंतर त्या मुलानं पुन्हा कधी रिपोर्ट भरला नाही. विडीवाल्या बाईला पान कमी मिळालं, याला मेडिकलची आठवण करून दिली. दोन्हीकडे एकट्यानं बोलण्याची किंमत वसूल झाली, आणि दोन्हीकडे तक्रार करायला हातात काही पुरावा उरला नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडते: जो वैमानिक "मी आज थकलो आहे, हे उड्डाण करणार नाही" असं म्हणतो, त्याच्या शेजारी जमिनीवर कोण उभं राहतं? हवेत असताना विमानाचा अंतिम अधिकार कॅप्टनचा. दार उघडून खाली आला की तो एकटा नोकरदार. मोठ्या कंपनीत हजारो वैमानिक असतात, एका आठवड्यात दहा जणांनी थकव्याचे रिपोर्ट भरले तर ती आकडेवारी ठरते. साठ जणांच्या कंपनीत एकानं भरला की सगळ्यांना माहीत, तो कोण ते. माझ्या मते लहान कंपनीतच युनियनची गरज जास्त असते, आणि लोक नेमकं उलटं समजतात.

प्रादेशिक उड्डाणाचा थकवाही वेगळा असतो. वर्षाला १००० तासांची कमाल मर्यादा आहे, पण ती तास मोजते. तासाभराच्या सेक्टरमध्ये खरी मेहनत टेकऑफ आणि लँडिंगची. दिल्ली-लंडनवाल्याच्या एका उतरण्यात जेवढे तास जमा होतात, तेवढ्यासाठी तुम्ही आठ-नऊ वेळा उतरता. त्यात एटीआरला मोठ्या जेटसारखं वेगळं एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज आणि हवा देणारं छोटं इंजिन, नसतं, त्यासाठी उजवं इंजिन पंखा थांबवून चालवावं लागतं, ज्याला तुम्ही हॉटेल मोड म्हणता. इंधन वाचवण्यासाठी ते बंद ठेवायला सांगितलं आणि बाहेरून थंड हवेची सोय नसली, तर मे महिन्यात आपल्या होटगी रोडच्या धावपट्टीवर कॉकपिटमध्ये बसणं म्हणजे काय, ते सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. हे बारकावे मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संघटनांच्या मागणीपत्रात आपोआप येणार नाहीत. ते तुम्हालाच लिहावे लागतील.

अमेरिकेत हा विषय एका अपघातानं उघडा पडला. १२ फेब्रुवारी २००९ ला कोलगन एअरचं प्रादेशिक विमान बफेलोजवळ कोसळलं, ५० माणसं गेली. चौकशीत मुख्य कारण निघालं ते स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल संपत आल्याचा, इशारा आल्यावर कॅप्टननं दिलेली चुकीची प्रतिक्रिया. पण त्याच चौकशीत हेही पुढं आलं की फर्स्ट ऑफिसर तरुणी सिएटलला आईवडिलांकडे राहायची आणि रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून नेवार्कला ड्युटीवर आली होती. प्रादेशिक वैमानिकाचा पगार आणि झोप हा त्यानंतर संसदेचा विषय झाला. २०१० मध्ये कायदा आला, विश्रांतीचे नियम नव्यानं लिहिले गेले, आणि पुढे फर्स्ट ऑफिसरसाठीही १५०० तासांच्या उड्डाण-अनुभवाची अट लागली. त्यासाठी सगळ्यात चिकाटीनं लढले ते गेलेल्यांचे नातेवाईक. आपल्याकडे बदल व्हायला ५० माणसं जायची वाट बघायची नसेल, तर आधी बोलणारं कुणीतरी संघटित असायला हवं.

आता दुसरी बाजू, तीही तितकीच खरी. अमेरिकेतली सर्वात मोठी प्रादेशिक कंपनी स्कायवेस्ट. तिथल्या वैमानिकांची राष्ट्रीय युनियन नाही. मतदान झालं, वैमानिकांनी नकार दिला, आणि कंपनीतलीच एक वैमानिक संघटना बोलणी करते. त्यांचं वाटोळं झालेलं नाही. पण आजूबाजूच्या बहुतेक कंपन्यांत युनियनचे करार आहेत, आणि त्या करारांच्या फार खाली राहिलं तर माणसं टिकत नाहीत, हे स्कायवेस्टलाही कळतं. तुमच्या आजूबाजूला असे करार असते, तर मीही म्हटलं असतं की अंतर्गत मंडळ पुरेसं आहे. ते नाहीत.

"जमत नसेल तर नोकरी सोडा," असं बरेच जण सुचवतात. बाकीच्या धंद्यांत ते शस्त्र आहे. यंत्रमागावरचा चांगला कामगार सोमवारी एक कारखाना सोडतो आणि मंगळवारी दुसऱ्यात लागतो, मालकाला ते माहीत असतं म्हणून तो जपून बोलतो. तुमचं तसं नाही. डीजीसीए, म्हणजे केंद्राची विमान वाहतूक नियामक यंत्रणा, तिच्या २०१७ च्या नियमानं कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने नोटीस द्यावी लागते. त्यावर बाँड. आणि दुसरीकडे गेलात की ज्येष्ठता शून्यापासून, म्हणजे कॅप्टन व्हायची रांग पुन्हा शेवटून. एकट्याच्या हातातलं सोडून जाण्याचं शस्त्र असं बोथट केलेलं असताना एकत्र बोलण्याचा मार्गही आपणच सोडून दिला, तर मग उरलं काय?

बाँडबद्दल इथेच सांगते, कारण याच भीतीनं सगळे गप्प असतात. बाँड म्हटलं की तो बेकायदाच, असं समजू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात, ठरावीक काळ नोकरी न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. पण रक्कम वाजवी आहे का, प्रशिक्षणावर कंपनीनं खरोखर किती खर्च केला, हे प्रश्न उरतातच. मी पाहिलेल्या एका बाँडमध्ये टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या जातीचं विमान चालवायच्या प्रशिक्षणाचा, खर्च मुलानं स्वतः भरलेला होता आणि तरीही "प्रशिक्षण खर्चापोटी" म्हणून कोरे धनादेश घेतलेले होते. असे धनादेश एकट्यानं परत मागणं अवघड. पंचवीस जणांनी एकाच मसुद्याचं पत्र दिलं, की कंपनीच्या वकिलालाच ते प्रकरण न्यायालयात न्यावंसं वाटत नाही.

तुमच्या वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्याही घरात गिरणीचा भोंगा ऐकून दिवस सुरू व्हायचा. गिरण्या बंद पडल्यावर घराघरांत काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे. पण गिरण्या युनियननं खाल्ल्या हे अर्धंच आहे. जुनी यंत्रं बदलली नाहीत, यंत्रमागाचं कापड स्वस्त पडू लागलं, आणि गिरणीपेक्षा जागेची किंमत मोठी झाली. युनियनची चूक नव्हती असंही नाही. मुंबईचा १८ जानेवारी १९८२ चा संप आठवा, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यामागची एक गोष्ट आज तुमच्या फार कामाची आहे. त्या वेळच्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात गिरण्यांमध्ये एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करण्याचा अधिकार होता. कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता, पण कायद्यानं तिलाच धरून ठेवलं. ज्या दत्ता सामंतांच्या मागे कामगार गेले, त्यांच्याशी मालकांनी बोलायचंच नाकारलं. बोलणीचं दार बंद, म्हणून संप लांबला, आणि लांबलेल्या संपात सगळ्यात आधी मोडतो तो कामगार.

सध्याच्या औद्योगिक संबंध संहितेत, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, याच्याशी मिळतीजुळती तरतूद आहे. ज्या युनियनकडे ५१ टक्के कामगार, तीच एकमेव बोलणी करणारी युनियन. कुणाकडेच तेवढे नसतील तर दर २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी, असं वाटाघाट मंडळ. साठ वैमानिकांतले एकतीस ज्याच्याकडे, त्याच्याशी कंपनी बोलणार. अर्थात "साठातले" की "कंपनीच्या एकूण कामगारांतले", हा वाद कंपनी नक्की काढेल. ग्राउंड स्टाफ आणि केबिन क्रू धरले तर तुम्ही अल्पमतात जाता. म्हणून केबिन क्रूशी पहिल्या दिवसापासून बोला. त्यांचाही रोस्टर तोच, हॉटेलही तेच. वैमानिकांना वरचढपणाची सवय असते, ती इथे महागात पडते. आणि तुम्ही काही करण्याआधी कंपनीनं घाईघाईनं एखादा "वैमानिक संवाद मंच" काढला, तर त्यात सह्या करण्यापूर्वी त्याची घटना वाचा. पदाधिकारी निवडून येणार की नेमले जाणार, एवढं पाहिलं तरी पुरतं.

कायद्याच्या बाकी गोष्टी भराभर सांगते. तुम्ही "कामगार" आहात का? कंपनी म्हणेल, एवढा पगार घेणारा कसला कामगार. पगाराची मर्यादा, सध्या महिना १८,००० रुपये, ती फक्त पर्यवेक्षकाच्या कामाला लागू आहे. तांत्रिक आणि कुशल काम करणाऱ्याला पगाराची वरची मर्यादा नाही. हुद्दा काय आहे यापेक्षा रोजचं मुख्य काम काय आहे ते बघायचं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्येच करोना साहू कंपनीच्या खटल्यात सांगितलं आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं एका खासगी कंपनीच्या वैमानिकांच्या बाबतीत, जुन्या कायद्याखाली का होईना, वैमानिक कामगार ठरतो असं म्हटलं आहे. फर्स्ट ऑफिसरबद्दल मला शंकाच वाटत नाही. कॅप्टनबद्दल वाद घातला जाईल, पण तो जिंकता येतो. चीफ पायलट, बेस कॅप्टन, ट्रेनिंग आणि रोस्टरचे प्रमुख यांना मात्र सभासद करू नका. ते कितीही चांगले असले तरी उद्या त्यांना तुमच्याविरुद्ध कागदावर सही करावी लागेल, आणि त्या पेचात त्यांना टाकू नये.

नोंदणीसाठी किमान सात जण लागतात, आणि एकूण कामगारांच्या दहा टक्के किंवा शंभर, यातली जी संख्या कमी असेल तितके सभासद. हे अवघड नाही. सोलापूरकर नेहमी चुकतात ते वाद कुठे न्यायचा यात: तो घेऊन आपल्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ नका. मी आयुष्यभर ज्या राज्याच्या अनुचित कामगार प्रथा कायद्यावर दावे चालवले, तोही तुम्हाला लागू नाही. हवाई वाहतुकीसाठी समुचित सरकार, म्हणजे ज्याच्या यंत्रणेकडे वाद जातो ते, केंद्र सरकार. तुमचा वाद केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेपुढे जाणार. माझ्याकडे आलेल्या एका मुलाचे सहा महिने चुकीच्या कार्यालयात हेलपाटे घालण्यात गेले होते.

एक तरतूद लहान युनियनला फार उपयोगी आहे आणि ती फारशी कुणी वापरत नाही. नोंदणी झालेल्या युनियनच्या काही पदाधिकाऱ्यांना "संरक्षित कामगार" म्हणून मान्यता मिळते. संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, पण कमीत कमी पाच. वाद प्रलंबित असताना त्या पाच जणांना पूर्वपरवानगीशिवाय काढता येत नाही. मोठ्या कारखान्यात पाच म्हणजे काहीच नाही. साठांत पाच म्हणजे प्रत्येक बाराव्या माणसाच्या डोक्यावर छत्री. नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आलं की पहिलं पत्र हेच पाठवायचं.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. तुमचे सहकारी "एक दिवस सगळे सिक टाकू या", म्हणजे आजारपणाची रजा टाकू या, म्हणत असतील. करू नका, कळकळीनं सांगते. संहितेत एका दिवशी निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून घेतलेली किरकोळ रजा हा संपच धरला आहे. "आम्ही सिक टाकली, किरकोळ रजा नाही" हा बचाव ठरवून केल्याचं दिसलं की टिकणार नाही. आणि संपाला चौदा दिवसांची आगाऊ नोटीस लागते. कायदा बाजूला ठेवला तरी दुसरं कारण त्याहून मोठं आहे. वैमानिकाकडे सगळ्यात मौल्यवान काय असेल तर "मी उडायच्या अवस्थेत नाही" या वाक्याची विश्वासार्हता. एकदा ते वाक्य दबावासाठी वापरलं, की पुढच्या वेळी जो खरोखर थकलेला असेल, त्याच्या वाक्यालाही किंमत उरत नाही. ज्या वाक्याच्या रक्षणासाठी युनियन काढायची, तेच पहिल्या महिन्यात जाळून टाकायचं का?

इतिहासही बघा. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही युनियन काढली, दोघांना काढलं म्हणून सप्टेंबरमध्ये शेकडो जण पाच दिवस सामूहिक सिकवर गेले, आणि त्या दोघांना परत घ्यावं लागलं. पण ती मोठी कंपनी होती आणि हवा तेव्हा वैमानिकांच्या बाजूनं होती. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या इंडियन पायलट्स गिल्डचा संप ५८ दिवस चालला. मुद्दा ड्रीमलायनर या नव्या विमानाच्या प्रशिक्षणाचा. शंभरच्या आसपास वैमानिकांना बडतर्फ केलं, गिल्डची मान्यता गेली, आणि शेवटी न्यायालयात हमी देऊन कामावर परतावं लागलं. लोकांची सहानुभूती नव्हती, कारण प्रवाशाला तो आपला प्रश्न वाटला नाही.

त्याच्या शेजारी २०२४ ची एअर इंडिया एक्स्प्रेस ठेवा. केबिन क्रू मे महिन्यात सामूहिक रजेवर गेला, पंचवीस जणांना काढलं, आणि दोन दिवसांत दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांपुढे समेट होऊन त्यांना परत घेतलं. त्यांनाही सिकचा मार्ग घेतला म्हणून धोका होताच. वाचले ते नोंदणीकृत युनियन आणि समेटाची यंत्रणा होती म्हणून.

आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण विश्रांतीच्या नव्या नियमांचं. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएनं आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली. कंपन्यांच्या आग्रहावरून अंमलबजावणी पुढं ढकलली. वैमानिकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, तारखा ठरवून घेतल्या, आणि १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम आले. एकही उड्डाण न थांबवता. डिसेंबरच्या सुरुवातीला देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीचं नियोजन कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि तिला काही नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. म्हणजे मिळवलेलं राखायलाही कुणीतरी पाळतीवर लागतं. तुमच्या साठांची युनियन एकटी दिल्लीत खटला लढवू शकणार नाही. म्हणून नोंदणी झाली की वैमानिकांच्या राष्ट्रीय संघटनेशी जोडून घ्या, आणि तिथे तुमचे छोट्या सेक्टरचे, उन्हातल्या कॉकपिटचे मुद्दे लिहून न्या.

पगाराला मी मागे का ठेवते? प्रादेशिक कंपनीचा श्वास लहान असतो. छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या उडान योजनेतलं अनुदान ठरावीक वर्षांपुरतं, विमानं भाड्याची, मार्गावर प्रवासी कधी भरतात कधी नाही. एअर कोस्टा, ट्रूजेट अशा कंपन्या आपल्यासमोर बंद पडल्या. युनियन असूनही जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबलीच. युनियन कंपनी वाचवू शकत नाही, हे वडिलांनाही सांगा आणि सहकाऱ्यांनाही. पगारात मागायचंच तर हमीचे तास मागा, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी ज्यांचे पैसे मिळतात ते तास. २०२४ मध्ये विस्तारा या विमान कंपनीच्या वैमानिकांचा असंतोष पेटला तो हमीचे तास ७० वरून ४० वर आणल्यामुळे. लहान कंपनीत सुट्या भागांवाचून एक विमान महिनाभर उभं राहिलं की सगळ्यांचे तास घटतात, आणि दोष तुमचा नसताना हप्ता तुमचा चुकतो. ही मागणी कुठल्याही समेट अधिकाऱ्याला समजावता येते. तीस टक्के वाढ समजावणं कठीण.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, पुढाकार घ्यावा का. अध्यक्ष किंवा सचिव म्हणून तुम्ही आत्ता उभं राहू नये, असं माझं मत आहे. बाँडचं दीड वर्ष बाकी आहे, कॅप्टन व्हायचं बाकी आहे, कंपनीच्या हातात तुम्हाला अडवायला बऱ्याच जागा आहेत. ज्यांचा बाँड संपला आहे आणि ज्यांचं रेकॉर्ड स्वच्छ आहे असे दोन कॅप्टन शोधा. ते मिळाले नाहीत, तर युनियनची वेळ अजून आलेली नाही, असं समजून तीन महिने थांबा. फर्स्ट ऑफिसरांनी काढलेली आणि कॅप्टनांनी लांबून पाहिलेली युनियन टिकलेली मी ऐकली नाही.

तुमचं काम दुसरं आहे, आणि ते आज रात्रीपासून करता येतं. एक साधी वही घ्या, कंपनीचा लॅपटॉप नको. प्रसिद्ध झालेला रोस्टर, प्रत्यक्ष झालेली ड्युटी, बदल किती वाजता कळवला, हॉटेलला किती वाजता पोहोचलात, झोप किती मिळाली, हे रोज चार ओळींत लिहा. प्रवाशांची नावं, कंपनीची गोपनीय कागदपत्रं यातलं काही त्यात नको. ज्या दिवशी खरोखर थकला असाल त्या दिवशी थकव्याचा रिपोर्ट भरा आणि पोच जपून ठेवा. अशीच वही विश्वासातल्या आणखी सात-आठ जणांना ठेवायला सांगा, पण एकमेकांची बघून लिहू नका. तीन महिन्यांनी त्या वह्या एका टेबलावर ठेवा. त्या बारा बायकांनी छाट ओतली होती ना, तशा. मागणीपत्राची पहिली दोन पानं त्यातूनच निघतील, आणि तेव्हा बाँडची प्रतही सोबत आणा, मी वाचून देईन.